घसरण्याचे शास्त्र : नगरच्या रणगाड्यांपासून खेळातल्या ड्रिफ्टपर्यंत

१/
मोटारींच्या शर्यतीच्या संगणकीय खेळात गाडी निवडली की जुळणीचा एक पडदा उघडतो. टायरमधील हवा, स्प्रिंगचा ताठपणा, डॅम्पर, कॅम्बर, अँटी-रोल बार, डिफरन्शियल अशा नावांची एक यादी आणि प्रत्येकासमोर मागे-पुढे सरकणारी एक पट्टी. वळणावर गाडी आडवी घसरवत, तरीही ताब्यात ठेवत नेण्याच्या कौशल्याला ड्रिफ्टिंग म्हणतात आणि त्याला या पट्ट्यांची नेमकी जुळणी लागते. नवखा खेळाडू पट्ट्या अंदाजाने सरकवतो. गाडी पहिल्याच वळणावर भोवऱ्यासारखी फिरून कठड्यावर आदळते.

२/
त्या प्रत्येक पट्टीमागे मोठा इतिहास आहे. तो कळला की पट्टी कोणत्या बाजूला आणि का सरकवायची हेही कळते. या इतिहासाची बरीचशी पाने महाराष्ट्रात एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. ते ठिकाण म्हणजे नगर. २०२४ पासूनचे अधिकृत नाव अहिल्यानगर. निजामशाहीची ही जुनी राजधानी विसाव्या शतकात चिलखती वाहनांचे शहर झाली. येथे भारतीय सैन्याचे रणगाडा संग्रहालय आहे आणि वाहनांची कठोर परीक्षा घेणारी व्हीआरडीई ही संस्थाही आहे.

३/
आरंभीच एक गैरसमज दूर करायला हवा. गाडी घसरते म्हणजे तिची पकड संपते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पकड खरोखर संपली तर गाडी चालकाच्या हातात राहतच नाही. नियंत्रित घसरण म्हणजे पकडीची वाटणी : पुढच्या चाकांना किती द्यायची, मागच्यांना किती, डावीकडे किती, उजवीकडे किती आणि कोणत्या क्षणी. टायर व सस्पेन्शन जुळवणे म्हणजे ही वाटणी ठरवणे. तिचा इतिहास चाकापासून सुरू होतो.

४/
बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे. धाव तापवून, फुगवून चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची, ही लोहाराची कसबी कामगिरी. अशा चाकाला टिकाऊपणा भरपूर, पण ते जमिनीला जेमतेम एका अरुंद पट्टीने टेकते. त्यामुळे मऊ रानात ते रुतते, दगडावर उसळते आणि प्रत्येक धक्का आसाला, साटीला, शेवटी बैलांच्या मानेला देते. चाक आणि जमीन यांच्यामध्ये काहीतरी लवचीक हवे, ही गरज मोटारीच्या फार आधीची आहे.

५/
स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. ते काळाच्या पुढे होते. लोक ते विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळीत हवा भरून पुन्हा तीच युक्ती शोधली. या वेळी सायकलींचे युग सुरू झाले होते, आणि पाठोपाठ मोटारीही येत होत्या. हवेवर चालणारे चाक तेव्हापासून कायमचे झाले.

६/
नगर जिल्ह्याला या शोधाचे महत्त्व सांगावे लागत नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्यात एकामागून एक कारखान्यांची धुराडी दिसू लागली. फडातला ऊस कारखान्यापर्यंत आणण्यासाठी रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. ऊसतोडीच्या भाषेत ‘टायरगाडी’ हा शब्दच रूढ झाला. धावेच्या चाकाला जे ओझे झेपत नसे, ते हवेच्या चाकामुळे बैल ओढू लागले. एका टायरने गाडीची कुवत बदलते, याचा हा रोजच्या जगण्यातला पुरावा.

७/
खेळातली पहिली पट्टी याच हवेची. टायरवर पडणारा भार आणि आतल्या हवेचा दाब यांवरून त्याचा किती भाग जमिनीला टेकतो हे बऱ्याच अंशी ठरते. हवा कमी केली की टेकणारा भाग वाढतो. हवा वाढवली की तो लहान आणि कडक होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात राल्फ बॅग्नॉल्डची तुकडी वाळू लागताच टायरमधली हवा कमी करत असे. १९४२ च्या सुमाराचे अमेरिकी ‘डक’ हे जमीन-पाण्यावर चालणारे वाहन त्यापुढे गेले. चालक बसल्या जागेवरून, गाडी चालू असताना टायरचा दाब कमी-जास्त करू शके.

८/
आता नगरच्या संग्रहालयात यावे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये उभारलेल्या या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ब्रिटिश, अमेरिकी, जपानी, जर्मन, फ्रेंच, रशियन आणि भारतीय बनावटीची चिलखती वाहने मांडली आहेत. त्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती मोटार. मूळ सिल्व्हर घोस्ट ही श्रीमंतांची प्रवासी गाडी, तिच्या शांत चालीसाठी प्रसिद्ध. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने तिच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि मशिनगनचा फिरता बुरूज बसवला.

९/
हे करताना जी अडचण आली, तीच खेळातल्या दुसऱ्या पट्टीची जन्मकथा आहे. वजन अचानक वाढले आणि तेही उंचावर. ज्या स्प्रिंगा चार प्रवाशांना झुलवत नेण्यासाठी होत्या, त्या चिलखताखाली दबून गेल्या असत्या. म्हणून त्या मजबूत केल्या गेल्या आणि मागच्या आसावर जोडचाके बसवली गेली. ट्रकच्या गॅरेजात ज्यांना ‘पाटे’ म्हणतात, तशाच एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या या स्प्रिंगा. पाटे वाढवले की गाडी ओझे पेलते; पण रिकामी असताना तीच गाडी खड्ड्यावर उडते आणि उडालेल्या चाकाला पकड नसते.

१०/
स्प्रिंगचे काम धक्का पोटात घेण्याचे. पण घेतलेला धक्का ती परत फेकते आणि गाडी डोलत राहते. हे डोलणे मारण्यासाठी डॅम्पर आला. वर्कशॉपच्या बोलीत तोच ‘शॉकअप’. आरंभी एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या, पुढे बारीक छिद्रांतून दाबले जाणारे तेल, असा त्याचा प्रवास झाला. स्प्रिंग गाडी किती झुकेल हे ठरवते. डॅम्पर ती किती वेगाने झुकेल हे ठरवतो. ड्रिफ्टमध्ये हा फरक फार मोलाचा असतो, कारण घसरण सुरू करणारा क्षण हा वजन एका बाजूकडून दुसरीकडे झटकन जाण्याचा क्षण असतो.

११/
चाकांची गाडी अशी सुधारत होती. त्याच वेळी चाकांऐवजी साखळपट्ट्यांवर चालणारे वाहन जन्माला आले. सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या लढाईत ब्रिटिशांचा मार्क वन रणगाडा प्रथम उतरला. त्याला स्प्रिंगा नव्हत्याच. आतील ८ माणसे इंजिनाच्या उष्णतेत, प्रत्येक धक्का अंगावर घेत बसत. आणि त्याला वळवायचे कसे, हा प्रश्न तर आणखी अवघड होता.

१२/
मोटारीची पुढची चाके तिरकी करता येतात. साखळपट्टा तिरका करता येत नाही. म्हणून रणगाडा वळवायचा तर एका बाजूचा पट्टा मंद करायचा किंवा थांबवायचा आणि दुसरा चालू ठेवायचा. मग सगळे धूड मंद बाजूभोवती फिरते. फिरताना दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासत जातात, माती खरवडतात. म्हणजे रणगाडा दर वळणावर घसरतो. घसरल्याशिवाय त्याला वळताच येत नाही. ज्याला खेळाडू कौशल्याची परिसीमा मानतात, ते रणगाड्याच्या चालकाचे पहिल्या दिवसाचे प्रशिक्षण असते.

१३/
या घसरण्यालाही गणित आहे. पट्ट्याचा जमिनीवर टेकलेला भाग जितका लांब आणि दोन पट्ट्यांतील अंतर जितके कमी, तितके आडवे घासणे अवघड. लांबोडका रणगाडा सरळ उत्तम जातो, खंदक ओलांडतो, पण वळायला नकार देतो. आखूड आणि रुंद रणगाडा चटकन वळतो, पण सरळ धावताना अस्थिर असतो. मोटारीतही हाच नियम चालतो : पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर कमी असलेली गाडी पटकन फिरते आणि तितक्याच पटकन हातातून जाते.

१४/
सुरुवातीच्या रणगाड्यांत एक बाजू ब्रेकने अडवली की त्या बाजूची शक्ती उष्णता होऊन वाया जाई. हेन्री मेरिट यांच्या रचनेतून आलेल्या मेरिट-ब्राउन गिअरबॉक्सने हे बदलले. त्यात मंद झालेल्या बाजूची शक्ती फिरून वेगवान बाजूला मिळते. दुसऱ्या महायुद्धातील चर्चिल रणगाड्यात ती बसली आणि चर्चिल एक पट्टा पुढे, एक मागे फिरवून जागच्या जागी गिरकी घेऊ लागला. पुढे सेंच्युरियननेही ही पद्धत घेतली. चर्चिल आणि सेंच्युरियन दोन्ही नगरच्या संग्रहालयात उभे आहेत.

१५/
डावी-उजवीकडच्या चाकांना शक्ती कशी वाटायची, हा तोच प्रश्न खेळातल्या डिफरन्शियलच्या पट्टीवर असतो. साधे डिफरन्शियल वळणावर आतल्या चाकाला हळू आणि बाहेरच्याला जोरात फिरू देते. ते ‘लॉक’ केले की दोन्ही मागची चाके एकाच गतीने फिरतात. वळणावर दोघांना वेगवेगळे अंतर कापायचे असताना गती मात्र एक. मग कोणीतरी घासलेच पाहिजे. ड्रिफ्टसाठी खेळाडू मुद्दाम हेच करतात : मागचा आस रणगाड्यासारखा हट्टी करतात, म्हणजे दोन्ही चाके एकदम घसरतात आणि घसरण अंदाजात राहते.

१६/
दोन महायुद्धांच्या दरम्यान घोड्यावरचे सैनिक यंत्रावर येत होते. १९३८ मध्ये सिंध हॉर्स ही भारतीय घोडदळाची रेजिमेंट घोडे सोडून वाहनांवर आली. बाकीच्या मागोमाग आल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा नगर येथे एकत्र झाली. दख्खनचे पठार, मोकळे माळ आणि जवळचे के. के. रेंजचे विस्तीर्ण सराव क्षेत्र यांमुळे ही जागा सोयीची होती. उन्हाळ्यात दगडासारखी कठीण आणि पावसात चिकट होणारी इथली काळी माती हीदेखील एक शिक्षिकाच.

१७/
रणगाड्यांनाही तोवर सस्पेन्शन मिळाले होते. सेंच्युरियनमध्ये हॉर्स्टमन पद्धतीच्या जोडचाकांच्या गाड्या, अमेरिकी पॅटनमध्ये टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन धक्का झेलणारे पोलादी दांडे. सस्पेन्शनचा हेतू सैनिकांचा आराम एवढाच नव्हता. उंचसखल जमिनीवर प्रत्येक चाक टेकलेले राहिले तरच पट्टा सलग टेकतो, वजन समान वाटले जाते आणि पकड टिकते. आरामशीर गाडी आणि पकड धरणारी गाडी यांचे नाते इथे उघड होते.

१८/
मात्र उत्तम टायर, उत्तम पट्टे आणि उत्तम स्प्रिंगा यांनंतरही शेवटचा शब्द जमिनीचा असतो. याची सर्वांत जबर नोंद सप्टेंबर १९६५ ची आहे. पंजाबमधील खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानचा पहिला चिलखती डिव्हिजन पॅटन रणगाड्यांसह पुढे सरकला. त्यांच्यासमोर असल उत्तर गावाच्या परिसरात भारताचा चौथा माउंटन डिव्हिजन, सेंच्युरियन, जुने शर्मन आणि हलके एएमएक्स रणगाडे होते. पॅटन त्या काळातला आधुनिक आणि धाकाचा रणगाडा होता.

१९/
भारतीय फौजेने घोड्याच्या नालेच्या आकाराची मोर्चेबंदी केली आणि परिसरातली शेते पाण्याने भरली. उभ्या उसात आडोसा, खाली चिखल. ४६ टनांच्या आसपास वजनाच्या पॅटनचा भार रुंद पट्ट्यांवर पसरून जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोच पडतो. मोटारीच्या टायरखाली तो साधारण दुप्पट असतो. कोरड्या रानात हे पुरेसे होते. भिजलेल्या मातीत नव्हते. पट्टे फिरत राहिले, रणगाडे रुतत आणि मंदावत गेले आणि दडून थांबलेल्या तोफांसमोर त्यांच्या बाजू उघड्या पडल्या.

२०/
८ ते १० सप्टेंबरच्या या लढाईत पाकिस्तानचे ९० हून अधिक रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक पॅटन टिपत राहिले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हलकी जीप जागा बदलू शकत होती, जड पॅटन नाही. नगरच्या संग्रहालयात पॅटनही आहे, शेजारीच सेंच्युरियन. वजनाने सेंच्युरियन पॅटनहून भारी होता. फरक एवढाच की त्याला त्या चिखलातून धावत जायचे नव्हते.

२१/
जमीन, वजन आणि पकड यांचे नाते लढाईत असे रक्ताने लिहिले गेले. मोटारीच्या जगात ते शांतपणे मोजले गेले होते. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले अभियंते मॉरिस ऑली १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. गाडी वळणावर का बिथरते, याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेने जात नाही; थोडा तिरका सरकतो. या तिरकेपणाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन शून्य असेल तर टायर बाजूला जोर लावूच शकत नाही. म्हणजे साध्या वळणावरही प्रत्येक टायर किंचित घसरतच असतो.

२२/
हा कोन वाढत गेला की पकड वाढते. कोरड्या डांबरावर साधारण ६ ते १० अंशांपाशी ती शिखर गाठते आणि मग हळूहळू उतरते. पुढच्या टायरने शिखर आधी ओलांडले तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागच्याने आधी ओलांडले तर शेपूट बाहेर पडते; ते ओव्हरस्टिअर. ड्रिफ्ट म्हणजे मागची चाके शिखराच्या पलीकडच्या उतारावर ठेवायची आणि पुढची अलीकडेच राखायची. सगळी जुळणी या एका वाक्यात येते.

२३/
स्प्रिंग आणि अँटी-रोल बारच्या पट्ट्यांचे गूढ इथेच उलगडते. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून पकड दुप्पट होत नाही. थोडी कमीच वाढते. वळणावर भार आतल्या चाकावरून बाहेरच्यावर जातो. मग बाहेरच्याने जे कमावले, त्याहून आतल्याने गमावलेले जास्त असते. ज्या आसाचे सस्पेन्शन अधिक ताठ, तो आस या अदलाबदलीचा मोठा वाटा उचलतो आणि अधिक पकड गमावतो. म्हणून मागचा अँटी-रोल बार ताठ केला की शेपूट सुटते, पुढचा ताठ केला की नाक बाहेर जाते.

२४/
हे सारे भारतीय वाहनांवर, भारतीय रस्त्यांसाठी तपासण्याचे काम जिथे चालते, त्यांपैकी एक ठिकाण नगरजवळच्या वाहननगरात आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची व्हीआरडीई ही ती संस्था. तिचे मूळ फाळणीपूर्वीच्या रावळपिंडीजवळील चकलाला येथील वाहन तपासणी विभागात सापडते. पट्ट्यांवरच्या वाहनांचे काम पुढे चेन्नईजवळच्या आवडीतील सीव्हीआरडीईकडे गेले. हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे वायू आणि तेलावर झुलणाऱ्या सस्पेन्शनचा अर्जुन रणगाडा तिथलाच. चाकांच्या लष्करी वाहनांचे काम नगरला राहिले. टाटांसोबत विकसित केलेले आठ चाकांचे उभयचर चिलखती वाहन हे त्याचे अलीकडचे फळ.

२५/
व्हीआरडीईचा संबंध केवळ सैन्याशी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत पुण्याच्या एआरएआय, सीआयआरटी यांच्याबरोबर नगरची व्हीआरडीईही आहे. म्हणजे रस्त्यावरच्या एखाद्या साध्या गाडीचे ब्रेक, तिची स्थिरता यांची पहिली परीक्षा नगरच्या चाचणीमार्गावर झालेली असू शकते. चाचणीमार्गाचा अर्थच हा : गाडी कुठे सुटते ते अशा जागी शोधायचे, जिथे समोरून कोणी येत नाही.

२६/
या शोधाचे सर्वांत उपयोगी फळ म्हणजे एबीएस. जोरात ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन फरफटते आणि लॉक झालेले चाक दिशा बदलू शकत नाही. एबीएस ब्रेक क्षणाक्षणाला सैल आणि घट्ट करून टायरला पकडीच्या शिखराजवळ ठेवतो. एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना तो बंधनकारक झाला. ड्रिफ्ट करणारा ज्या वक्ररेषेच्या उतारावर हौसेने खेळतो, त्याच वक्ररेषेच्या माथ्यावर एबीएस जीव वाचवत असतो.

२७/
घसरण्याला हौसेचे रूप दिले जपानने. १९७० च्या दशकात शर्यतपटू कुनिमित्सु ताकाहाशी वळणांत गाडी मुद्दाम आडवी टाकून वेग राखत. ते पाहून भारावलेल्या केइची त्सुचिया याने डोंगरी रस्त्यांवर सराव केला. १९८७ च्या ‘प्लसपी’ या चित्रफितीने तो घरोघरी पोहोचला. शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथामालिकेने (१९९५ ते २०१३) टोयोटाची एई८६ ही साधी गाडी दंतकथा केली. २००१ पासून ‘डी१ ग्रां प्री’ या स्पर्धा बंदिस्त मार्गावर होऊ लागल्या आणि घसरणीला गुण मिळू लागले.

२८/
डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘ग्रान तुरिस्मो’ या काझुनोरी यामाउची यांच्या खेळाने स्प्रिंग, डॅम्पर, उंची, कॅम्बर यांच्या पट्ट्या सामान्य खेळाडूच्या हाती दिल्या. खेळाला टायरची वागणूक अंकांत हवी असते. तिचे प्रसिद्ध सूत्र नेदरलँड्समधील डेल्फ्टचे हान्स पासेयका आणि व्होल्व्होचे अभियंते यांनी १९८७ मध्ये मांडले. ते भौतिकशास्त्राच्या तत्त्वांतून सिद्ध केलेले नाही. खऱ्या टायरांच्या मोजमापांवर बेतून बसवलेली ती वक्ररेषा आहे, म्हणूनच तिला ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात. शर्यतीचे अनेक वास्तवदर्शी खेळ तिच्या कोणत्या ना कोणत्या रूपावर उभे आहेत.

२९/
आता पट्ट्या इतिहासाच्या उजेडात वाचता येतात. मागच्या आसावर शक्ती असलेल्या गाडीसाठी :
• पुढच्या टायरला अधिक पकडीचे रबर. मागच्यात हवा थोडी वाढवलेली, म्हणजे टेकणारा भाग लहान.
• पुढच्या चाकांना ऋण कॅम्बर (माथा आत झुकलेला), म्हणजे उलट दिशेला वळवलेले चाकही नीट टेकते. मागची जवळजवळ सरळ.
• मागचा अँटी-रोल बार पुढच्याच्या मानाने ताठ.
• डिफरन्शियल जवळजवळ लॉक.
• डॅम्पर असे की वजन चटकन सरकावे, पण गाडी डोलत राहू नये.
एका वेळी एकच पट्टी सरकवावी आणि तेच वळण पुन्हा घ्यावे. चाचणीमार्गावरचे अभियंतेही कारण असेच शोधतात.

३०/
शेपूट जास्त सुटत असेल तर मागची हवा आधी कमी करावी, मग बार सैल करावा. नाक बाहेर जात असेल तर पुढचा बार सैल करावा. पाऊस पडलेला रस्ता निवडला तर सगळी जुळणी मऊ करावी. ओल्यात पकडीचे शिखरच खाली येते आणि ताठ गाडी ते न सांगता ओलांडते. असल उत्तरचा धडा खेळातही लागू पडतो : जमीन बदलली की कालची उत्तम जुळणी आज निरुपयोगी ठरते.

३१/
शेवटी एक भेद विसरता कामा नये. खेळात आदळलेली गाडी एका बटणाने पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर येते. संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट, पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट किंवा संभाजीनगरच्या रस्त्यावरचा इमामपूर घाट यांना असे बटण नाही. तिथे वळणापलीकडून उसाने भरलेली ट्रॉली येत असते, पायी दिंडी चाललेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये बेदरकार चालवणे आणि रस्त्यावर शर्यत लावणे हे वेगवेगळे गुन्हे आहेत आणि ते योग्यच आहे.

३२/
घसरण्याचे शास्त्र मुळात जन्मले ते गाडी ताब्यात राहावी म्हणून. चिलखताखाली दबलेल्या स्प्रिंगा, आडवे घासणारे पट्टे, खेमकरणच्या चिखलात थांबलेले पॅटन आणि चाचणीमार्गावर हजारदा घेतलेले तेच वळण यांतून ते साठत गेले. पडद्यावरची पट्टी सरकवणाऱ्या बोटाखाली हा सगळा ठेवा असतो. तो ठाऊक असलेला खेळाडू अधिक गुण मिळवतो. आणि खऱ्या घाटात, पहिल्या पावसात, आपले टायर कोणत्या क्षणी सोडतील हे ओळखून वेळेआधीच वेग कमी करतो.

(समाप्त)